काड, युरिया आणि पाणी तिन्ही एकदम नको

काढणी उरकली की पुढच्या पेरणीची घाई लागते आणि रानात पडलेलं काड, पाचट, धसकटं नुसती अडचण वाटायला लागतात, मग कुणी पेटवून देतं, नाहीतर रोटाव्हेटर मारून लगेच युरिया फेकून पाणी सोडून मोकळं होतं. पेटवायचं नाही हे तर सरळच आहे, काडातला कार्बन आणि बहुतेक नत्र धुरात जातं, वर हवा तापवणारा मिथेन वायूपण निघतो. पण ती दुसरी पद्धत चांगली वाटते ना, तिच्यातही गडबड आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

गडबड म्हणजे नायट्रस ऑक्साइड. १०० वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. मातीतले जीवाणू तो तयार करतात, आणि सगळ्यात जास्त कधी, तर नायट्रेट (युरियातल्या नत्राचं मातीत शेवटी हेच होतं), खायला ताजा पाला आणि पाण्याने गच्च झालेली माती हे तिन्ही एका वेळी मिळालं की. मातीतल्या पोकळ्या साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर पाण्याने भरल्या की हवा संपते आणि हे जीवाणू नायट्रेटवर श्वास घ्यायला लागतात. ढोबळ हिशोब असा धरतात की १०० किलो नत्र टाकलं तर त्यातलं १ किलो या वायूतून जातं, ओल्या हवामानात जास्त, कोरड्यात कमी. १ किलो ऐकायला किरकोळ वाटतं, पण ऑक्सिजन जोडला जाऊन त्याचा वायू होतो दीड किलोच्या वर, म्हणजे जवळपास ४३० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं! शिवाय त्याच गच्च मातीतून साधा नायट्रोजन वायू होऊन बरंच नत्र उडतं, निचऱ्यातून वाहून जातं ते वेगळंच, आणि पैसे तर सगळ्याच पोत्याचे दिलेले असतात.

म्हणून माझं सांगणं एकच, या तिघांची गाठ एका आठवड्यात पडू देऊ नका.

आता काड कुठलं आहे त्यावर पुढचं ठरतं. गव्हाचं, भाताचं, मक्याचं वाळलेलं काड असेल तर त्यात कार्बन खूप आणि नत्र कमी, गव्हाच्या काडात साधारण ८० ला १. ते कुजताना जीवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, म्हणून गाडल्या गाडल्या पेरलं की रोपं पिवळी पडतात आणि आपण घाबरून युरियाचा डबल डोस मारतो. त्यापेक्षा बारीक कुट्टी करून पेरणीच्या ३-४ आठवडे आधी वरच्या थरात मिसळा, नाहीतर वरच आच्छादन म्हणून राहू द्या, आणि सुरुवातीचं थोडं नत्र बियाण्याच्या ओळीजवळ द्या. हिरवा पाला, शेंगवर्गीय पिकांचं हिरवं खत, भाजीपाल्याची पानं यांचं उलटं असतं, त्यात कार्बन-नत्राचं प्रमाण २०-२५ ला १ किंवा त्याहून कमी, भराभर कुजतं आणि नत्र मोकळं होतं. असलं गाडलं असेल तर बेसल डोस, म्हणजे पेरणीच्या वेळचं खत, कमी करायलाच पाहिजे, माती परीक्षण करून किती ते ठरवा, नाहीतर ते जास्तीचं नत्र थेट हवेत जाणार.

युरिया काडावर फेकायचा तर अजिबात नाही. काडावर युरिया फोडणारं युरिएज एन्झाइम भरपूर असतं, अमोनिया होऊन उडून जातो. ५-७ सेंमी खाली पेरून द्या. वरून द्यायचाच असेल तर मागून हलकं पाणी द्या, रान तुंबवू नका. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा, वाफसा आला की द्या. डोस २-३ हप्त्यांत विभागा, ड्रीप असेल तर अजून छोटे करता येतात. नायट्रिफिकेशन, म्हणजे नत्राचं नायट्रेट होणं, रोखणारी औषधं लावलेलं खत मिळत असेल तर ओल्या रानात त्याचा चांगला उपयोग होतो.

भातात मात्र मिथेनचं बघावं लागतं. ताजं काड गाडून लगेच पाणी भरलं की मिथेन खूप वाढतो, तेच काड पाणी भरायच्या महिनाभर आधी गाडून रान कोरडं ठेवलं तर बराच कमी निघतो. मग पिकात पाण्याची पातळी बघायला भोकं पाडलेला पाइप रोवा, पाणी जमिनीखाली १५ सेंमी उतरलं की परत भरा, फुलोऱ्यात तेवढं पाणी उभं ठेवा. आणि युरिया द्यायचा तो पाणी भरायच्या अगदी आधी, रान सुकवायच्या तोंडावर कधीच नाही, कारण मिथेन वाचवता वाचवता नायट्रस ऑक्साइड तिथेच वाढतो.