कानाचं मशीन लावायची लाज वाटते? आधी या चुका टाळा

शेजारची नववीतली मुलगी मागच्या महिन्यात आईसोबत माझ्याकडे आली. आई म्हणाली, "हिला जरा समजाव गं. तूही लावतेसच की. ही शाळेत मशीन काढून दप्तरात ठेवते. आत्मविश्वासच नाही पोरीला." पोरगी मान खाली घालून नखं कुरतडत होती. मी म्हटलं, आत्मविश्वासाचं नंतर बघू, आधी मशीन दाखव.

उजव्या मशीनची नळी उजेडात धरली तर आत पाण्याचा बारीक थेंब अडकलेला. डाव्या कानाचा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा तुकडा, इतका सैल की मान वळवली की शिट्टी. म्हणजे एका कानाला आवाज पोचत नाही आणि दुसऱ्या कानातली शिट्टी शेजारच्या बाकापर्यंत. असलं मशीन मीही दप्तरातच ठेवलं असतं.

मला आठवीत मशीन लागलं, चिपळूणला असताना. चौदा वर्षं झाली. तेव्हापासून माझं एक ठाम मत आहे: या वयातली मशीनची लाज निम्मी मनात असते आणि निम्मी मोल्डमध्ये. मोल्डमधली आधी काढावी, कारण तिला समजावावं लागत नाही.

शिट्टी वाजते म्हणून आवाज कमी करणं

गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर गेला की जे किंचाळतं, तेच कानात होतं. मशीनने मोठा केलेला आवाज मोल्डच्या कडेने बाहेर निसटतो, परत मशीनच्या माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो. मुलं मग काय करतात, तर आवाज कमी करतात. शिट्टी थांबते, पण बोलणंही कळेनासं होतं. दोन दिवसांनी "मशीनचा काही उपयोग नाही" म्हणून ते डब्यात जातं.

असं तपासा. मशीन कानात असताना मोल्ड बोटाने हलकेच आत दाबा. शिट्टी थांबली तर मोल्ड नीट बसलेला नाही किंवा सैल झालाय. आरशात बघा, मोल्डचं वरचं टोक कानाच्या घडीत गेलंय का. घाईत ते हटकून बाहेर राहतं. पुन्हा बसवूनही वाजत असेल तर मशीन हातात घ्या आणि मोल्डचं भोक बोटाने बंद करा. आता शांत झालं तर मशीन ठीक आहे, भानगड मोल्डच्या मापाची आहे किंवा कानात मळ साचलाय. अजून वाजतंय? मग मोल्ड आणि नळी काढा आणि हुकचं, म्हणजे नळी ज्याला जोडते त्या कानावरच्या वळणदार तुकड्याचं, टोक दाबून धरा. इथे आवाज बंद झाला तर नळीला चीर आहे. इथेही वाजलं तर हुक किंवा मशीनच बिघडलंय, ते घरी उघडत बसू नका.

नळी काही महिन्यांत पिवळी पडते, कडक होते. ती बदलायला ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाला, पाच मिनिटं लागतात. मोल्डचं मात्र लोक विसरतात. वाढत्या वयात कान वाढतो, मशीन तेच चालतं पण मोल्ड नवा लागतो. आठवीतला मोल्ड दहावीत चालवणं म्हणजे आठवीतले बूट दहावीत घालणं. ज्यांच्या मशीनला मोल्डऐवजी मऊ रबरी टोपी असते, म्हणजे डोम, त्यांनी डोमचं माप बदलून घ्यावं. आणि मळासाठी काडी, हेअरपिन, किल्ली काहीही कानात घालायचं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

सगळं लक्ष लपवण्यावर देणं

ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. दोन्ही कानांवर केस ओढून घ्यायचे. कानामागच्या मशीनचा माईक वरच्या बाजूला असतो, त्याच्यावर केस घासले की दिवसभर खरखर. वर शिट्टीची भीती म्हणून मान हलवायची नाही. माझ्या मैत्रिणीने नंतर सांगितलं, "आम्हाला मशीन कधी दिसलंच नाही. तू कायम अशी ताठ का बसतेस, एवढंच वाटायचं."

स्कूटीवरून जाताना स्कार्फ घट्ट गुंडाळला की तेच. कापड मशीनला चिकटतं आणि शिट्टी सुरू. हेल्मेट चढवताना मशीन निघून रस्त्यावर पडल्याच्या घटना मी एकाहून जास्त ऐकल्यात. स्कार्फ-हेल्मेटच्या आधी मशीन डबीत टाकायचं की तसंच ठेवायचं, हे घरीच आरशासमोर करून ठरवा, सिग्नलवर नाही.

लपवायच्या नादात मुलं "कानाच्या आत जाणारं, अजिबात न दिसणारं" मशीन मागतात. श्रवणदोष कमी असेल तर ते चालू शकतं. जास्त असेल तर त्या चिमुकल्या मशीनची ताकद पुरत नाही, सेल छोटा असल्याने लवकर संपतो, आणि कान वाढला की अख्ख्या मशीनचं कवच बदलायला लागतं. ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारं "कान मशीन" तर घेऊच नका. ते तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघून सेट केलेलं नसतं. जे ऐकू येतं तेही वाढवतं, नको ते सगळ्यात जास्त वाढवतं.

आणखी एक. कुणी विचारलं तर "इअरबड्स आहेत" असं सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं. सरांनी वर्गात काढून टेबलावर ठेवायला लावले.

"हो हो" म्हणत राहणं

मशीन दिसल्याने फजिती होते त्यापेक्षा जास्त चुकीच्या जागी हसल्याने होते. मैत्रीण सांगते, आजी हॉस्पिटलमध्ये आहे, आणि आपण "हो ना, मस्त" म्हणतो. हे माझ्याकडून घडलेलं आहे, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मशीन लावूनही सगळं कळत नाही, हे आधी मान्य करा. उंच पट्टीतला श्रवणदोष असेल तर 'स', 'श' निसटतात. 'साठ रुपये' म्हटलेलं 'आठ' वाटतं. ओठ वाचून बघू म्हणाल तर 'बाबा', 'मामा' आणि 'पापा' ओठांवर एकसारखेच दिसतात. हे तिन्ही शब्द एकाच घरात चालत असतील तर विचारूच नका.

उपाय: नुसतं "काय?" म्हणू नका. "काय?" म्हटलं की समोरचा तेच वाक्य तसंच, फक्त ओरडून म्हणतो. जेवढं कळलं तेवढं परत सांगून उरलेलं विचारा. "दादरला उतरायचं, पुढे काय म्हणालीस?" किंवा "साठ की आठ?" समोरच्याला वाटतं तुम्ही लक्ष देताय. आणि खरंच देत असता. दोनदा विचारून नाही कळलं तर "वेगळ्या शब्दांत सांग" म्हणा, किंवा सरळ फोनवर टाइप करायला सांगा.

फक्त शाळेत लावणं, किंवा फक्त शाळेत न लावणं

नवीन मशीन लावल्यावर पहिले काही दिवस जग भयंकर वाजतं. पंखा, कॅरीबॅगची चुरचुर, स्टीलचं ताट ओट्यावर आदळणं, स्वतःचाच आवाज डब्यात बोलल्यासारखा. याची सवय कानाला नाही, मेंदूला लागते, आणि ती तासांवर लागते. पहिल्यांदा घरी, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावा. मग टीव्ही, मग जेवायची वेळ, मग वर्ग. पहिल्याच दिवशी थेट मधल्या सुट्टीतल्या कल्लोळात घालून गेलात तर दुसऱ्या दिवशी लावावंसं वाटणार नाही.

आणि तासांबद्दल ऑडिओलॉजिस्टला थापा मारू नका. डिजिटल मशीन आपण रोज किती वेळ चालू होतो हे बऱ्याचदा स्वतःच नोंदवून ठेवतं. "रोज १० तास लावते" असं मी ठासून सांगितलं. मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सरासरी २ तास. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "काय टोचतंय ते सांग." टोचत होता पंख्याचा आवाज. सेटिंग बदललं, दहा मिनिटांचं काम. आधीच सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

डोळे झाकून पहिला बाक मागणं

सगळे हाच सल्ला देतात आणि तो अर्धाच बरोबर आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, म्हणून पुढे बसणं चांगलंच. पण पहिल्या बाकावरून मागच्या मुलांचे प्रश्न, उत्तरं, कोट्या काहीच दिसत नाही. दुसरी रांग, कडेची जागा, पाठ भिंतीकडे, चांगला कान वर्गाकडे. पंखा डोक्यावर नको, खिडकी रस्त्याची नको. शिक्षकांच्या तोंडावर उजेड हवा, त्यांच्या पाठीमागे नको. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या सरांना शांतपणे जाऊन सांगा. बहुतेकांना आपण तसं करतो हेच माहीत नसतं.

वर्गाला सांगायचं कसं? भाषण नको. आधी एकाच मैत्रिणीला किंवा मित्राला, मशीन हातात देऊन. तिला चालू मशीन मुठीत धरायला द्या, शिट्टी वाजते. तिने हसून घेतलं की निम्मं काम झालं. बाकीच्यांसाठी एक वाक्य पाठ असू दे: "मला कमी ऐकू येतं, समोरून बोल." बस. कुतूहलाने विचारणारा आणि चिडवणारा यांत फरक करायला शिका. पहिल्याला उत्तर द्या. दुसरा रोजच "ए बहिरट" करत असेल तर वर्गशिक्षकांना सांगणं म्हणजे चहाडी नाही.

पावसाळा

कोकणात वाढल्यामुळे यावर मी लिहीतच बसेन. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मशीन बंद पडतं ते ओलाव्यानेच. रात्री मशीन पुसून, सेलचं दार उघडं ठेवून, सिलिका जेलच्या डबीत ठेवा. दाणे रंग बदलले की ते ओले झालेत, सुकवा किंवा बदला. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उद्योग नको, पिठूळ धूळ माईकच्या जाळीत बसते. हेअर ड्रायर नको. नळीतलं पाणी रबरी ब्लोअरने काढा, तोंडाने फुंकलं तर आणखी वाफ जाते. मोल्ड मशीनपासून काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतो, मशीन कधीच नाही.

सेलच्या स्टिकरचा रंग लक्षात ठेवा: १३ नंबर नारिंगी, ३१२ तपकिरी, ६७५ निळा, १० पिवळा. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढलं की मिनिटभर थांबून मगच घाला, आणि काढलेलं स्टिकर परत लावून सेल "वाचत" नाही. कंपासपेटीत एक जोड कायम. गणिताच्या तासाला सेल गेला की धडा गेला, आणि कुणाला सांगायचं धाडस नसलं तर दिवसच गेला. रंगपंचमीला मशीन घरी. ढोल-ताशासमोर नाचायचं तर हौस भागवा, पण भिंतीएवढ्या स्पीकरपासून लांब. जेवढं ऐकू येतं तेवढं जपायचंय.

आई-बाबांच्या चुका

"केस मोकळे सोड, दिसणार नाही." हे वाक्य प्रेमानेच म्हटलं जातं, पण मुलीला त्यातून एवढंच कळतं की हे दिसता कामा नये. पाहुण्यांसमोर "हिच्या लग्नाचं कसं होणार" ही चर्चा तर हळू आवाजातही करू नका. मशीन लावलंय ना तिने.

स्वयंपाकघरातून हाका मारू नका, ओरडूनही बोलू नका. ओरडल्याने शब्द आणि ओठ दोन्ही वाकडे होतात. जवळ या, नाव घ्या, मग बोला. ऑडिओलॉजिस्टकडे गेल्यावर सगळी उत्तरं तुम्हीच दिलीत तर चौदा वर्षांचं पोर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतं. त्याला बोलू द्या, चुकलं तरी.

कागदपत्रांची लाज

"दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलं की शिक्का बसतो" म्हणून कित्येक घरं थांबतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर ती व्यक्ती 'हार्ड ऑफ हिअरिंग' या गटात येते. ठरलेली टक्केवारी असेल तर सरकारी उच्च शिक्षणात ५ टक्के, सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागांमध्ये हक्क मिळतो. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. पैशाची अडचण असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अडिप योजनेतून मशीन मिळू शकतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणीही होते आणि चौकशीही करता येते.

दहावीच्या परीक्षेचं आधीच शाळेशी बोला. हल्ली मशीनला ब्लूटूथ असतं आणि पर्यवेक्षकांना संशय येतो, तो चुकीचाही नाही. प्रमाणपत्राची प्रत हॉल तिकिटासोबत ठेवा, केंद्रावर पेपर सुरू व्हायच्या आधी दाखवा.

शेजारच्या पोरीचं सांगायचं राहिलं. नळीतला थेंब निघाल्यावर तिने मशीन लावलं आणि पहिलं विचारलं, "ताई, तुमचा फ्रिज नेहमी असा वाजतो?" परवा नव्या मोल्डचं माप देऊन आली. मोल्ड रंगीतही मिळतात हे तिला तिथे कळलं, तिने राणी रंग सांगितला. आईचा मला फोन: "अगं, कातडीच्या रंगाचा घ्यायला सांग ना, तुझं ऐकते ती." मी म्हटलं, काकू, माप दिलंय ना, रंग तिचा तिला ठरवू दे. आठ-दहा दिवसांत येईल.