मूल बोलेनासं झालंय? आधी या चुका तपासा

"काय झालं?"
"काही नाही."

घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल तर हा संवाद तुम्हाला पाठ असेल. यानंतर आपण लगेच मुलाची उलटतपासणी सुरू करतो. मोबाइलमुळे असेल, संगत बरी नसेल, नाहीतर वयच तसं. मी म्हणते, आधी आपलंच बोलणं तपासा. "काही नाही" हे दोन शब्द एका दिवसात तयार होत नाहीत. यापूर्वी काही सांगितलं तेव्हा काय झालं, याचा मुलांनी ठेवलेला हिशोब असतो तो.

आमच्याकडचंच सांगते. मुलगी तेव्हा आठवीत होती. संध्याकाळी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "प्रोजेक्टसाठी मला कोणी ग्रुपमध्ये घेतलंच नाही." मी मोबाइलवर बिल भरत होते. मान वर न करता म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं? दुसरा ग्रुप कर." ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. प्रश्न सुटला, असं मला खरंच वाटलं होतं. तीन आठवड्यांनी तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं, की मधल्या सुट्टीत ती रोज एकटीच बसते. मी चिडून विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "सांगितलं होतं की."

उपाय सांगायची घाई

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते म्हणून लक्षातही येत नाही. मूल रडवेलं झालं की आपल्याला बघवत नाही, मग आपण पटकन तोडगा काढून मोकळे होतो. त्यात मुलापेक्षा आपलीच सुटका जास्त असते. "त्यात काय एवढं", "आमच्या वेळी तर", "सोडून दे ना" ही वाक्यं त्यातलीच.

त्याऐवजी ऐकलेलंच परत म्हणा. "कोणीच घेतलं नाही? मग तू काय केलंस?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं, पण खरं बोलणं बहुतेक वेळा त्यानंतरच बाहेर येतं. आणखी एक प्रश्न मला उपयोगी पडला: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" पहिल्यांदा विचारला तेव्हा मुलीने संशयाने बघत, "हे कुठे वाचलंस?" असं विचारलं होतं. तरी विचारत राहिले.

मुलांकडे भावनांसाठी शब्दही कमी असतात. सगळ्यालाच "वैताग" म्हणतात. आत अपमान असतो, हेवा असतो, मागे पडण्याची भीती असते. "वैताग आला, की अपमान वाटला?" असं विचारून नेमका शब्द पुढे ठेवावा, पण तो लादू नये. २००७ मध्ये प्रौढांवर झालेल्या एका मेंदू-स्कॅनच्या अभ्यासात रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले होते. त्या भावनेला शब्दांत नाव दिल्यावर मेंदूच्या अमिग्डाला या, भीती-धोका टिपणाऱ्या भागातली हालचाल कमी झालेली दिसली. नाव दिल्याने दुःख जात नाही, पण ते थोडं हाताळता येतं.

ऐन भांडणात शहाणपण शिकवणं

दार आपटलं गेलंय, दोघांचा आवाज चढलाय आणि आपण "तुझ्या भल्यासाठीच सांगतेय" सुरू करतो. या वयात भावना जोरात उसळतात, पण आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पिकायला विशी उलटावी लागते. त्या मिनिटाला सांगितलेलं काहीच आत जात नाही. (चाळिशीतला मेंदूही त्या वेळी फार शहाणा नसतो, हे आपापसांत.) "साडेआठला बोलू" म्हणा आणि तिथून बाजूला व्हा. पण साडेआठला खरंच जा. बरेच जण इथेच चुकतात: राग ओसरला की विषयही सोडून देतात आणि मुलाला वाटतं, आपल्याला टाळलं.

"तू हुशारच आहेस"

कौतुकातही चूक होऊ शकते, हे मला पटायला वेळ लागला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाचवीच्या मुलांना कोडी घातली. काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपल्याला मिळालेले गुण वाढवून सांगणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. हुशारीचा शिक्का बसला की तो पुसला जाण्याची धास्तीही सोबत येते.

पण म्हणून आता उठसूट "मेहनत, मेहनत" करू नका. चुकीच्या पद्धतीने राबणाऱ्या मुलाला "अजून मेहनत कर" हा सल्लाच नाही. नेमकं सांगा: "अडलेलं गणित तू उलट्या बाजूने करून बघितलंस, ते मला आवडलं."

झोपेला आळस म्हणणं

वयात येताना झोप आणणाऱ्या मेलाटोनिनची वेळ पुढे सरकते, त्यामुळे दहाला झोप न येणं हे नाटक नसतं. तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तास झोप लागते. चिडचिडीवर बोलण्याआधी झोपेचे तास मोजा.

"वयच आहे" म्हणून सोडून देणं

याकडे मात्र काणाडोळा नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. नैराश्य या वयात उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपातही येतं, म्हणून ते उद्धटपणात खपून जातं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टी सुटल्या असतील, मित्र तुटले असतील, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. "नीट वाग, नाहीतर डॉक्टरकडेच नेते" अशी धमकी मात्र देऊ नका. ज्या दारातून मदत मिळायची, तेच शिक्षेचं होऊन बसतं.

जगायचा कंटाळा आल्याचं बोलणं, अंगावर जखमा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, असं काही दिसलं तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर मुलाला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञाची मदत घ्या. "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका.

सगळं केलं, तरी बोलत नाही?

मग समोर बसवून बोलणं थांबवा. गाडीत, कपड्यांच्या घड्या घालताना, कुत्र्याला फिरवताना मुलं जास्त बोलतात, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. मागची चूक आठवत असेल तर माफी मागा, "पण" न जोडता. मी म्हटलं, "त्या दिवशी मी ऐकलंच नाही. चुकलं माझं." ती "ठीक आहे" म्हणाली आणि उठून गेली. पुढचं बोलणं निघायला आणखी दहा-बारा दिवस गेले. तोवर मी एवढंच केलं, की ती घरी यायच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले.