उन्हाळ्यात रायफलचा झीरो कसा राखावा

जानेवारीच्या पहाटे धुळ्यात पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात भुसावळला तो ४५ च्या वर चढतो. रायफल तीच, दुर्बीण तीच, पण थंडीत लावलेला झीरो (नेम धरला तिथेच गोळी बसावी अशी दुर्बिणीची जुळणी) उन्हाळ्यात ३०० मीटरवर वर मारू लागतो. आपण लगेच टरेट, म्हणजे दुर्बिणीवरची नेम सरकवायची टोपी, फिरवतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

टरेटला शेवटी हात लावा. आधी रायफल रिकामी करा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बोटाने चाचपून बघा. मग दुर्बीण धरून ठेवणारे बेस, रिंगा आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. अंदाजाने आवळू नका. टॉर्क पाना घ्या आणि कंपनीने दिलेलाच आकडा ठेवा. स्क्रूपासून रिंगेपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की स्क्रू हलला समजा. (घरातली बाटली चालते, फक्त विचारून घ्या.)

आता परवानाधारक रेंजवर, १०० मीटरवर. शेताचा बांध किंवा सातपुड्यातला नाला ही झीरो लावायची जागा नव्हे. दस्त्याचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेका, नळी कशालाही टेकू देऊ नका. डोळा किंचित हलवून बघा. दुर्बिणीतला क्रॉस निशाणावरून सरकत असेल तर तो पॅरॅलॅक्स, तो आधी जुळवा. नळी नुकतीच साफ केली असेल तर पहिल्या दोन-तीन गोळ्या हिशेबात धरू नका. मग सावकाश पाच झाडा. एका गोळीवरून क्लिक (टरेटचा एकेक टप्पा) फिरवणं म्हणजे स्वतःच्या थरथरीला दुर्बिणीचा दोष समजणं. पाचांच्या ग्रुपचा मध्य काढा. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) दुर्बिणीत एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर सरकवतो. ग्रुप ३ सेंटिमीटर डावीकडे असेल तर उजवीकडे चार क्लिक, आणि पुन्हा पाच गोळ्या.

खरी गोम काडतुसांत असते. गाडीच्या डिकीत तापलेल्या काडतुसातली दारू जास्त दाबाने जळते, गोळीचा वेग वाढतो. त्यात तापलेली हवा विरळ, म्हणून गोळीला अडथळाही कमी. १०० मीटरवर हे फारसं दिसत नाही, ३०० मीटरवर दिसतं. तिथं निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १० सेंटिमीटरचं असतं. म्हणून डबा सावलीत ठेवा, आणि तापलेल्या चेंबरमध्ये गोळी भरून नेम धरत बसू नका. दहा वाजले की जमिनीवरून झळा उठतात, निशाण पाण्यावर तरंगल्यासारखं हलतं आणि त्या वेळी आपण दुर्बिणीत बघतो ती जागा खरी नसते. झीरोची खात्री सूर्य उगवल्यावर लगेच करावी.

प्रत्येक वेळी वहीत तारीख, तापमान, काडतुसांचा लॉट नंबर आणि थंड नळीची पहिली गोळी कुठे बसली ते लिहा. लॉट बदलला किंवा एसटीच्या टपावरून रायफल दणके खात आली, तर पाच गोळ्या पुन्हा झाडायच्याच. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी जमल्या की ४२ अंशांना किती क्लिक खाली घ्यायचे ते वहीच सांगते.