दाराशीच झोपणारा माणूस: जुन्या धक्क्याची सवय कशी सोडवायची

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातला किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं गाढ झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती झोपेतच अंगावर आल्या. अशा रात्रीतून वाचलेला माणूस पुढे पक्क्या घरातही दाराशीच अंथरूण घालतो. रस्त्यावरून जड ट्रक गेला, मांडणीतले पेले किणकिणले, की तो अंगणात. घरचे म्हणतात, "स्वभावाला औषध नाही." याला स्वभाव म्हणणं अन्यायाचं आहे. जीव वाचवणारी सवय शरीरानं धरून ठेवली आहे, आणि ती सुटू शकते.

आधी दोन आठवडे वही ठेवा. दर वेळी एकच ओळ: 'रात्री ११, ट्रक, छातीत धडधड, १५ मिनिटं.' चिडचिड, फोन न उचलणं हेही टिपा. भीती पुष्कळदा रागाच्या रूपानं बाहेर पडते. आठ-दहा नोंदी झाल्या की कशानं बिघडतं ते दिसू लागतं.

भीतीचा झटका आला की डोळे उघडे ठेवा. मिटले की जुनं दृश्यच समोर उभं राहू शकतं. पावलं जमिनीला घट्ट टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, आजची तारीख सांगा. मग ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, तीन ते पाच मिनिटं. भराभर खोल श्वास घेतलेत तर हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि भीती आणखी वाढते.

हे जमलं की अंथरूण दारापासून एक हात आत घ्या. तीन-चार रात्री तिथेच. नीट झोप लागली की आणखी एक हात. भीती शिगेला असताना उठून गेलात तर 'पळालो म्हणून वाचलो' हेच मेंदू पक्कं करतो, म्हणून ती उतरेपर्यंत थांबा. धोका खरोखर संपलेला असेल तरच हे करायचं. धक्का भूकंपाचा नसून मारहाणीचा असेल आणि ती घरात अजून चालू असेल, तर आधी सुरक्षित जागा.

घरच्यांनी "विसर आता" म्हणू नये, खोदून विचारू नये. झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका, दारातून नावानं हाक मारा.

महिन्याहून जास्त झोप उडाली असेल, तीच स्वप्नं पडत असतील किंवा दारूशिवाय रात्र जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आघातावरचे उपचार साधारण ८ ते १२ बैठकांचे असतात. झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नका. जीव द्यावासा वाटला तर त्याच क्षणी १४४१६ लावा: सरकारची टेली-मानस सेवा, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं.