जुनी भांडी जमवताय? आधी चिंच बाजूला ठेवा

माळ्यावरून पितळी तपेलं खाली आलं की आपला हात आधी चिंचेकडे जातो. मीही तेच केलं होतं. आजोळचं तपेलं अर्धा तास घासलं, लखलखलं, आणि मग लक्षात आलं की बुडाची काजळी गेली. ते चुलीवर चढायचं की नुसतं पाणी साठवायला होतं, हे सांगणारी तेवढीच खूण होती! आतल्या कल्हईचंही तसंच. आमटी, ताक कळकू नये म्हणून ती लावत. पाण्याच्या घागरीला सहसा नसते. आणि काठावरचं ठोकून घातलेलं नाव? कुणी, कुणाला, कोणत्या लग्नात दिलं, हे कित्येकदा तिथेच सापडतं. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, बास. भांड्यावर हिरवट पूड धरत असेल तर ते दमट कोपऱ्यातून हलवा.

दुसरी चूक नोंदीची. वस्तू कोणत्या गावची, कुणाच्या घरची, ते लोक तिला काय म्हणत, हे त्याच दिवशी वहीत उतरवा. जातं मिळालं तर दळणारीला ओवी विचारा. नुसता दगड अंगणात कुंडी ठेवायच्या कामाचा.

वय अंदाजाने ठोकू नका. ‘दोनशे वर्षांपूर्वीचं’ हे विकणाऱ्याचं पाठ वाक्य असतं. ट्रंकेत जुनं बिल सापडलं तर पैसे कसे लिहिलेत ते बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘नये पैसे’ असतील तर बिल त्यानंतरचं. नाण्यावरचं ‘नये’ १९६४ मध्ये गेलं. पण ट्रंकेच्या तळाचा वर्तमानपत्राचा कागद ट्रंकेचं वय सांगत नाही, तो शेवटचा कधी बदलला एवढंच सांगतो. मी यात फसलोय.

फक्त देखणंच उचलणं ही तर नेहमीची खोड. दिनकर केळकरांनी पुण्याच्या संग्रहालयासाठी अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या जमवल्या, म्हणून जुन्या घरातली पान खाण्याची, अंघोळीची तऱ्हा आज डोळ्यांसमोर येते. ठिगळ लावलेली घागर भंगारात देऊ नका. ती डागडुजी करून टिकवावी लागली, हे ठिगळच सांगतं.

आणि पणजीचा अडकित्ता परदेशातल्या लेकीच्या बॅगेत टाकण्याआधी थांबा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या.