आधी सुट्टे, मग वजाबाकी

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो तेव्हा आत्तासारखी तिकिटाची यंत्रं नव्हती. पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटं, हातात पंच, खांद्याला चामडी पिशवी. सगळा हिशेब तोंडी आणि तोही चालत्या गाडीत. डेपोत भरणा कमी पडला तर खिशातून घालायचे. त्यामुळे दुसरीतल्या नातीने ५२ वजा ३७ चं उत्तर २५ लिहिलं, तेव्हा मला राहवेना.

तिची चूक नीट बघा, घरोघरी हीच होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन घालवले. मी वही मिटवली. दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी तिच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "मला ३७ रुपये दे." तीन नोटा पटकन दिल्या. मग सात द्यायचे, आणि हातात नाणी दोनच. थोडा वेळ त्या नाण्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "आबा, दहाचे सुट्टे द्या ना!"

झालं काम. नोट मोडली, दहा नाणी आली, आधीची दोन धरून बारा. त्यातली सात माझ्याकडे आली. तिच्याजवळ एक नोट आणि पाच नाणी उरली, म्हणजे १५.

शाळेत याला 'उसने घेणे' म्हणतात. नात म्हणाली, "उसने घेतले, मग परत कधी द्यायचे?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे उसनवारी बंद, फक्त सुट्टे करायचे. बेरजेत त्याच्या उलट: दहा सुटी नाणी जमली की ती देऊन एक बंदी नोट घ्यायची. हातचा म्हणतात तो हाच.

पण त्याआधी दहाच्या जोड्या, म्हणजे आठ-दोन, सात-तीन, या नुसत्या पाठ नव्हे, डोळ्यांत बसायला हव्यात. अंडीवाल्याकडून पुठ्ठ्याचा ट्रे मागून आणा. त्यात तीस खळगे असतात, पाचापाचाच्या सहा ओळी. दोन ओळी कापून घ्या, दहाचं घर तयार. चिंचोके टाका. ८ अधिक ५ करायचे तर आठ घरात, पाच मुठीत. मुठीतले दोन टाकून घर भरलं, मुठीत तीन राहिले, तेरा. चार-पाच दिवसांनी ट्रे बाजूला करून नुसतं विचारा, "घर भरायला किती हवेत?" तोवर मूल बोटं मोजत असेल तर मोजू द्या. आमची आई पेरांवर मोजायची, तिचा वाण्याचा हिशेब कधी चुकला नाही.

मराठीची एक गंमत मला उतारवयात कळली. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस. युक्ती नावातच आहे! ४६ मध्ये २९ मिळवायचे तर तीस मिळवा, ७६, आणि जास्तीचा एक काढा, ७५. एकोणचाळीस, एकोणसाठ, सगळीकडे हेच. नव्याण्णव तेवढा नावाने वेगळा, पण वागतो तसाच. दुसरीकडे, सदतीस ऐकून पोरं ७३ लिहितात, कारण सात आधी ऐकू येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा मीही हसलो होतो. आता नातीला आधी 'तीस सात' म्हणायला लावतो, मग सदतीस. दोन्ही येऊ द्यावं.

आता कंडक्टरी वजाबाकी. सगळ्यांची मिळून तिकिटं ३७ रुपयांची, हातात पन्नासची नोट. गर्दीत कोण उभी मांडणी करतो? ३७ वरून चढायचं: तीन दिले, चाळीस, दहा दिले, पन्नास. प्रवाशाच्या हातावर पडलेले तेरा हीच वजाबाकी. मुलाला नाणी हातावर ठेवत मोठ्याने म्हणायला लावा, मनातल्या मनात नको.

मात्र दर वेळी चढत बसू नका. ६२ वजा ५८ असेल तर चढा, चार पावलांचं काम. ६२ वजा ५ असेल तर खाली उतरा: आधी दोन, साठ, मग उरलेले तीन, सत्तावन्न. 'चढू की उतरू?' हे आधी मुलाने ठरवायचं, आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड गेलं.

रोज दहा मिनिटं पुरतात. मी तिला खालच्या दुकानात पावाला पाठवतो, आणि दुकानदाराने गल्ला उघडायच्या आत परत किती येणार ते तिने सांगायचं. परवा तिने बरोबर सांगितलं, आणि तोच दोन रुपये कमी देत होता.