पातीचा कांदा गोड हवा असेल तर

पातीच्या कांद्याची एखादी जुडी भाकरीबरोबर कच्ची खाता येते, तर एखादी तोंडाला लावताच नाकात झिणझिण्या आणते. दोन्ही जुड्या एकाच बियाण्याच्या असू शकतात. कांद्याचा तिखटपणा त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. रोप तहानलं, उन्हाने तापलं किंवा त्याला मातीतून गंधक जास्त मिळालं की ही द्रव्यं वाढतात. साखर तिखट कांद्यातही असते, पण तिखटापुढे ती जिभेला जाणवत नाही. त्यामुळे घरच्या वाफ्यात गोड पात हवी असेल तर सगळं लक्ष पाण्यावर, खतावर आणि वेळेवर उपटण्यावर ठेवायचं.

जातीचाही वाटा आहेच. अलिबाग तालुक्यात कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात भात निघाल्यावर होणारा पांढरा कांदा त्याच्या गोडीसाठीच ओळखला जातो आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तिथले शेतकरी बी स्वतः धरतात. ते बी दुसरीकडच्या मातीत लावलं तर तीच चव उतरेल असं धरून चालू नये. घरच्या वाफ्यासाठी राजगुरूनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची 'भीमा श्वेता' किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले सफेद' या पांढऱ्या जाती चांगल्या. लाल कांदा हवा असेल तर रब्बीत 'एन-२-४-१' घ्यावी.

बी आणि रोप

कांद्याचं बी जेमतेम वर्षभर टिकतं, आणि बी उगवलंच नाही अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. पाकिटावरची तारीख बघून घ्या. शंका असेल तर वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून झाकून ठेवा. आठ-दहा दिवसांत चौदा-पंधरा बियांना मोड आले तर बी वापरण्याजोगं आहे. त्याहून कमी आले तर नवीन पाकीट आणलेलं बरं. एका ग्रॅममध्ये अडीचशे ते तीनशे बिया बसतात. एक चौरस मीटर वाफ्याला सव्वाशे-दीडशे रोपं लागतात. मर धरूनही एक ग्रॅम पुरतं.

पेरणीला ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात सोयीचा. थंडीत पात कोवळी राहते आणि तिचा रस शोषणारे फुलकिडेही कमी असतात. पावसाळ्यात पात येते, पण पानांवर डाग पाडणारा करपा रोग पाठ सोडत नाही. मार्चनंतरच्या उन्हात काहीही केलं तरी कांदा थोडा तिखटच होतो.

रोपांसाठी ट्रे किंवा छोटा गादीवाफा करा. बोटभर अंतराने रेघा ओढून बी एक सेंटिमीटर खोल टाका आणि वर चाळलेलं कंपोस्ट पसरा. दोन सेंटिमीटरच्या खाली गेलेलं बी वर यायला धडपडतं आणि पुष्कळदा येतच नाही. उगवण सहा ते दहा दिवसांत होते. अंकुर आधी सुईच्या नेढ्यासारखा वाकलेला दिसतो, त्याला हात लावू नका. पाणी बारीक झारीने, सकाळी द्या. रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडू लागली तर ती मर आहे. दाट पेरणी आणि सतत चिखल ही तिची दोन कारणं. पडलेली रोपं काढा, पाणी एक दिवस थांबवा, उरलेली विरळ करा. पेरणीआधीच कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

वाफा भरताना

कांद्याची मुळं वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरमध्येच पसरतात. त्यामुळे गच्चीवर आठ इंच खोल कुंडी, क्रेट किंवा ग्रो बॅग पुरते. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असं मिश्रण भरा. काळी माती असेल तर कोकोपीटऐवजी जाड वाळू किंवा भाताचं तूस घाला, नाहीतर ती पाण्याने चिकटते, सुकल्यावर भेगाळते आणि मुळं तुटतात. जमिनीतल्या वाफ्याला चौरस मीटरला दोन-तीन किलो शेणखत द्या, पण ते पूर्ण कुजलेलं असलं पाहिजे. अर्धवट कुजलेल्या शेणखताने हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीत पात लांबुडकी होऊन लोळते.

रोपं सहा-सात आठवड्यांत वीतभर उंच आणि सुतळीएवढी जाड होतात, तेव्हा लावा. पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कात्रीने छाटा, म्हणजे नव्या जागी रोप कोमेजत नाही. दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर आणि दोन रोपांत पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. साठवणीचा कांदा उथळ लावतात, पण पातीचा कांदा चार-पाच सेंटिमीटर खोल लावायचा. मातीत राहिलेला दांडा पांढरा आणि कोवळा होतो, आणि गोडी मुख्यतः तिथेच असते. काढणीच्या वीस दिवस आधी ओळींना मातीची भर दिली तर पांढरा भाग आणखी बोटभर वाढतो. भर देताना माती पातीच्या बेचक्यात जाऊ देऊ नका, ती नंतर धुवून निघत नाही.

पाणी आणि खत

कुंडीला थंडीत रोज किंवा एक दिवसाआड, वाफ्याला दोन-तीन दिवसांनी हलकं पाणी द्या. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत ओल लागली पाहिजे, पण बोटाला चिखल लागता कामा नये. आठवडाभर कोरडं ठेवून मग भरपूर पाणी देणं सगळ्यात वाईट, त्याने शेंडे सुकतात आणि चव तिखट होते. साठवणीच्या कांद्याला काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडतात आणि ते त्याच्यासाठी योग्यच आहे. तीच सवय पातीच्या कांद्याला लावली की हातातली गोडी जाते. याला उपटण्याच्या आदल्या संध्याकाळीही पाणी द्यायचं.

खतात नत्र हवं, गंधक नको. लागवडीनंतर वीस आणि चाळीस दिवसांनी, दर वेळी चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया पाच लिटर पाण्यात विरघळवून मुळाशी ओता. युरिया नको असेल तर शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंड दहा लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, गाळून द्या. अमोनियम सल्फेट, सिंगल सुपर फॉस्फेट आणि जिप्सम या तिन्हींत गंधक असतं. साठवणीच्या पिकाला ते उपयोगी पडतं, पण इथे टाळा. युरियाचा हातही सुटू देऊ नका. पात गर्द हिरवी, लुसलुशीत दिसते खरी, पण फुलकिड्यांना तीच आवडते.

काय बिघडतं

पातीवर चंदेरी रेघोट्या आल्या आणि पात वेडीवाकडी झाली तर फुलकिडे आहेत. ते बेचक्यात लपलेले असतात, म्हणून वरवर फवारून उपयोग नाही. सकाळी पाण्याच्या धारेने बेचके धुवा. थांबले नाहीत तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारा. फवारणीनंतर आठवडाभर पात खाऊ नका, कारण कडवटपणा राहतो. जांभळट मध्याचे लांबट डाग म्हणजे करपा. डागाळलेली पानं काढून टाका आणि संध्याकाळी पातीवर पाणी घालणं बंद करा.

मधूनच पोकळ, फुगीर दांडा वर आला तर तो डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा. कांदा पहिल्या वर्षी कंद करतो, दुसऱ्या वर्षी फुलतो. थंडी जोराची पडली किंवा फार मोठं झालेलं रोप लावलं तर तो पहिल्याच वर्षी फुलाकडे वळतो. डेंगळा धरलेला कांदा मध्ये कडक होतो. दिसताच उपटून स्वयंपाकात वापरा. टोपलीतले मोड आलेले कांदे मातीत खोचले तर पंधरा-वीस दिवसांत पात मिळते, पण ती अशीच लवकर डेंगळ्यावर जाते. फोडणीपुरती ठीक, कच्ची खायला नाही.

काढणी

लागवडीनंतर पन्नास-साठ दिवसांनी खालची गड्डी सुपारीएवढी होते. कच्चं खायला हीच वेळ. लिंबाएवढी झाली की भाजायला उत्तम. त्यानंतर पात जून होते. सकाळी उन्हाआधी, खुरप्याने माती सैल करून उपटा. नुसती पात हवी असेल तर बुडापासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापा, दोन-तीन वेळा फुटते. ठेवायची असेल तर धुऊ नका. माती झटकून, मुळांसकट कोरड्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर पाच-सहा दिवस चांगली राहते.

चिरणं आणि शिजवणं

पांढरा भाग आणि हिरवी पात वेगळीच चिरा. पांढऱ्याला शिजायला तीन-चार मिनिटं लागतात, हिरवीला जेमतेम दोन. एकत्र टाकलं की एक कच्चं राहतं किंवा दुसरीचा लगदा होतो. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पेशी चेंगरतात आणि त्यातूनच झोंबणारा वास सुटतो. थंडीतल्या जाड पातीत बुळबुळीत रस असतो. ती उभी चिरून आतून पुसून घ्या, म्हणजे भाजी चिकट होत नाही.

पीठ पेरून भाजी: पातीचा कांदा ४०० ग्रॅम, बेसन ६० ग्रॅम, तेल तीन टेबलस्पून, लसूण सहा पाकळ्या, मोहरी, हिंग, हळद, तिखट एक चमचा. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. या भाजीला कच्चट चव येते ती ही पायरी गाळल्यामुळेच. फोडणीत ठेचलेला लसूण लाल होऊ द्या, पांढरा भाग तीन मिनिटं परता, मग हळद-तिखट आणि पात. पात बसली की मीठ. आधी मीठ घातलं तर दोन चुका होतात: पाणी सुटतं, आणि पात आक्रसल्यावर भाजी खारट लागते. आता बेसन मुठीने पेरत जा, पाण्याचा एक हबका मारा, झाकण ठेवून चार मिनिटं वाफ काढा आणि उलथन्याने मोकळी करा. गोड कांदा असेल तर साखर-गूळ अजिबात नको.

सुका जवळा घालून: किनाऱ्याकडे हा जोड नेहमीचा. एक वाटी जवळा चाळून, तव्यावर दोन-तीन मिनिटं भाजा, पाण्यातून दोनदा काढून पिळा. चाळला नाही तर रेती दाताखाली येते. दोन टेबलस्पून तेलात लसूण, ३०० ग्रॅम कांद्याचा पांढरा भाग, हळद आणि दीड चमचा घरचा मसाला परता. जवळा आणि पाव वाटी पाणी घालून पाच मिनिटं शिजवा, मग तीन आमसुलं आणि शेवटी हिरवी पात घालून दोन मिनिटांत उतरवा. मीठ चाखूनच घाला, जवळा बहुधा स्वतःच खारट असतो.

आणि लिंबाएवढ्या गड्डीचे ओले कांदे मिळाले असतील तर भाजी करू नका. पात कापून ठेवा, गड्ड्या उभ्या दोन फाका करून, चमचाभर तेल लावलेल्या लोखंडी तव्यावर कापलेली बाजू खाली ठेवा. मंद आचेवर सात-आठ मिनिटं हलवायच्या नाहीत. कडा तांबूस-काळ्या झाल्या, मधला भाग मऊ पडला की जाडं मीठ भुरभुरून ज्वारीच्या भाकरीबरोबर गरम वाढा. बाजूला ठेवलेली पात बारीक चिरून दह्यात घाला, पण पान वाढताना. तासभर आधी कालवलेलं दही पातीने कडू होतं.